गोरखपूर ते भैरहवा: अंतर किती, वेळ किती?



पुढच्या फेब्रुवारीत आपल्या मंडळाची दुसरी तुकडी लुंबिनीला जायचं म्हणतेय. परवा वाचनालयात एका सभासदांनी मला मोबाइल दाखवला आणि म्हणाले, "काका, हे बघा, गोरखपूरचं विमानतळ आणि नेपाळातलं भैरहव्याचं विमानतळ यांत फक्त पंच्याऐंशी किलोमीटर अंतर आहे. म्हणजे ग्वाल्हेरहून शिवपुरीपेक्षाही जवळ! सकाळी निघालं की दुपारी परत." मी गप्प बसलो, कारण तीन वर्षांपूर्वी पहिल्या तुकडीच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो, आणि त्या बोलण्याची किंमत दुसऱ्याच एका कुटुंबाने मोजली. म्हणून हा लेख.

आम्ही चौदा जण होतो. बँकेतून निवृत्त झाल्यामुळे हिशेब आणि वेळापत्रक ही दोन्ही कामं ओघाने माझ्याकडे आली. परतीच्या दिवशी आम्ही बारा जण रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेरला येणार होतो, पण एका जोडप्याला गोरखपूरहून दुपारी २.४० च्या विमानाने दिल्लीला आणि तिथून हैदराबादला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचं ऑपरेशन होतं. मी कागदावर मांडलं: लुंबिनी ते गोरखपूर साधारण सव्वाशे किलोमीटर, ताशी चाळीसचा वेग धरला तर सव्वातीन तासांच्या आत. दहाला निघालो तर सव्वाला पोहोचू, काउंटर बंद होतो १.४० ला. शिवाय नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, म्हणजे तेवढा वेळ फुकटात मिळाला. बेरीज बरोबर होती. तरीही आम्ही विमानतळावर पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. पण मुलगी ऑपरेशनला आत गेली तेव्हा तिची आई गोरखपूरच्या एका हॉटेलात दुसऱ्या दिवशीच्या विमानाची वाट बघत बसली होती. ऑपरेशन नीट झालं. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चूक कुठे झाली ते मी नंतर शांतपणे बसून शोधलं, ते इथे मांडतो.

आधी अंतराची गोष्ट

पंच्याऐंशी हा आकडा खोटा नाही. तो कसा येतो ते कुणालाही वहीवर पडताळता येतं. गोरखपूरचं विमानतळ साधारण २६ अंश ४४ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, भैरहव्याचं २७ अंश ३० मिनिटांवर. फरक ४६ मिनिटांचा. (ही घड्याळाची मिनिटं नव्हेत, अंशाचा साठावा भाग.) अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. विमानवाले आणि जहाजवाले अजून सागरी मैलात मोजतात ते याच सोयीमुळे. आता ४६ ला १.८५२ ने गुणा. उत्तर येतं ८५ किलोमीटर आणि थोडे मीटर.

रेखांशाचा फरक जवळजवळ नाहीच. भैरहवा गोरखपूरच्या नेमकं उत्तरेला आहे, जेमतेम तीन किलोमीटर पश्चिमेकडे सरकलेलं. म्हणून इथे भूमितीची फारशी गरज पडत नाही, साधा गुणाकार पुरतो.

पण हे अंतर पक्ष्याचं. दोन्ही विमानतळांमधून नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रेघेचं. माणसाला रस्ता धरावा लागतो, आणि रस्ता शंभर किलोमीटरच्या वर जातो. गोरखपूरचं विमानतळ शहराच्या पूर्वेला, त्यामुळे आधी शहर ओलांडायचं, मग कॅम्पियरगंज, फरेंदा, कोल्हुई, नौतनवा असं करत सोनौलीच्या सीमेवर यायचं. सीमेपलीकडे नेपाळातलं बेलहिया, मग भैरहवा गाव, ज्याचं सरकारी नाव सिद्धार्थनगर, आणि त्याच्या पश्चिमेला विमानतळ. तिथून लुंबिनी आणखी वीसेक किलोमीटर.

मग विमानाने का जाऊ नये?

हा प्रश्न आमच्या तुकडीतही निघाला होता. भैरहव्याचं गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला सुरू झालं. काठमांडूनंतरचं नेपाळचं हे दुसरं आंतरराष्ट्रीय विमानतळ, धावपट्टी तीन हजार मीटर. इकडे आपल्या बाजूला कुशीनगरचं आंतरराष्ट्रीय विमानतळ २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडलं आणि पहिलं विमान श्रीलंकेहून आलं. एक बुद्धाच्या जन्मस्थळासाठी, दुसरं महापरिनिर्वाणाच्या जागेसाठी. सात महिन्यांच्या आत उघडलेली ही दोन विमानतळं सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहेत. तरी कुशीनगर ते भैरहवा विमान नाही आणि गोरखपूर ते भैरहवाही नाही.

कारणं व्यवहाराची आहेत. तराईत आणि नेपाळात चालणारं एटीआर जातीचं छोटं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या वेगाने ८५ किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं. पण विमानाला धावपट्टीपर्यंत जायचं, वर चढायचं, उतरण्यासाठी वळसा घ्यायचा, आणि पुन्हा जागेवर येऊन उभं राहायचं असतं. त्यामुळे अंतर कितीही थोडं असलं तरी अर्धा तास लागतोच, आणि इंधन सगळ्यात जास्त जळतं ते चढताना. बँकेच्या भाषेत सांगायचं तर छोट्या कर्जालाही कागदपत्रं तेवढीच लागतात आणि व्याज मात्र किरकोळ. एवढ्याशा अंतरासाठी दोन देशांचं इमिग्रेशन, सीमाशुल्क आणि सुरक्षा यांचा खर्च कोणत्याच कंपनीला परवडत नाही. शिवाय गोरखपूरचं विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तिथून परदेशी उड्डाणं होत नाहीत.

आकाशालाही सीमा असते, हे मला या निमित्ताने कळलं. परदेशी विमानाला हवं तिथून दुसऱ्या देशात शिरता येत नाही. दोन्ही देशांनी ठरवलेले प्रवेशबिंदू असतात, जसे जमिनीवर नाके. भारताच्या बाजूने नेपाळात शिरणाऱ्या मोठ्या विमानांचा मुख्य नाका सिमराजवळ आहे, म्हणजे भैरहव्याच्या सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेला. पश्चिमेकडून भैरहव्याला येणाऱ्या विमानाला आधी सिमऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा मागे यावं लागतं. भैरहव्याजवळूनच प्रवेश मिळावा अशी नेपाळची जुनी मागणी आहे, दोन सरकारांत त्यावर बोलणी होत आली आहेत. मागच्या दाराशी उभं असताना पुढच्या दाराने या म्हणण्यासारखं आहे हे.

तरीही हट्टाने विमानानेच जायचं ठरवलं तर काय होतं? गोरखपूर ते दिल्ली सरळ अंतर सुमारे ६६० किलोमीटर. दिल्ली ते काठमांडू सुमारे ८१५. काठमांडू ते भैरहवा सुमारे १९५. बेरीज १,६७० किलोमीटर, म्हणजे मूळ अंतराच्या जवळजवळ वीसपट. हवेत घालवायचा वेळ सगळा मिळून चार तासांच्या आसपास. पण दिल्लीत परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं, काठमांडूला इमिग्रेशन करून, सामान घेऊन, शेजारच्या देशांतर्गत टर्मिनलवर जायचं, आणि तिथे उशीर झाला तर थांबायचं. वेळा जुळल्या तर पूर्ण दिवस, नाही जुळल्या तर काठमांडूत मुक्काम. ज्यांना पशुपतिनाथही करायचं आहे त्यांनी हा मार्ग जरूर घ्यावा. फक्त लुंबिनीसाठी हा घास फार महाग पडतो.

घड्याळाचा गोंधळ

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरची, नेपाळची ८६ अंश १५ मिनिटांवरची, गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेषेची. फरक पावणेचार अंश. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून पावणेचार गुणिले चार, पंधरा मिनिटं. १९८६ पासून नेपाळ हीच वेळ पाळतो.

गंमत अशी की भैरहवा गोरखपूरच्या किंचित पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्य तिथे गोरखपूरपेक्षा सात-आठ सेकंद उशिराच माथ्यावर येतो, पण घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे. सूर्याला दोन देश ठाऊक नसतात, वेळापत्रक करणाऱ्याला ठाऊक असावे लागतात.

जाताना ही पंधरा मिनिटं आपण गमावतो, येताना मिळवतो. गोंधळ होतो तो मोबाइलमुळे. सीमेजवळ काही फोन नेपाळची वेळ पकडतात, काही भारताचीच दाखवत राहतात. आमच्या तुकडीत "दहाला खाली जमा" म्हटल्यावर निम्मे लोक एका दहाला आले आणि निम्मे दुसऱ्या. म्हणून वेळापत्रकात प्रत्येक वेळेपुढे "भा" किंवा "ने" लिहायचं. आणि घरून निघताना एकाने तरी मनगटी घड्याळ लावावं, ते आपल्या मनाने वेळ बदलत नाही.

खरा वेळ जातो तो सीमेवर

आता माझ्या चुकीकडे येतो. अंतर मी बरोबर धरलं होतं, वेगही फार चुकला नव्हता. मी विसरलो होतो ते सीमेवर थांबायचं. नकाशावर सीमा ही एक रेघ असते, तिला लांबी असते पण रुंदी नसते. प्रत्यक्षात तिला रुंदी असते, आणि ती किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजायची.

भारत आणि नेपाळ यांची सीमा सतराशे किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि १९५० च्या मैत्री करारापासून दोन्हीकडच्या नागरिकांना ये-जा मोकळी आहे. त्यामुळे आपण समजतो की कमानीखालून चालत गेलं की झालं. एकटा धडधाकट माणूस दहा मिनिटांत जातोही. पण आम्ही चौदा जण, वय साठ ते अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकी दोन नग सामान. लुंबिनीहून भारतीय वेळेनुसार पावणेदहाला निघून आम्ही पावणेअकराच्या सुमारास बेलहियाला पोहोचलो. नेपाळची गाडी तिथेच सोडायची होती, भारताची गाडी पलीकडे. मधे दोन्ही बाजूंची तपासणी. एकांचं ओळखपत्र सुटकेसच्या तळाशी, ती रस्त्यावर उघडावी लागली. एका आजींचे गुडघे दुखत होते, त्यांच्यासाठी सायकल रिक्षा शोधली. पलीकडे ट्रकांची रांग इतकी लांब की आमची गाडी तिच्या शेपटाशी अडकलेली, चालक फोनवर सांगतोय "बस पाँच मिनट". गाडीत बसलो तेव्हा बारा वाजले होते. पुढे तीन तासांचा रस्ता. यात कुणाचाच दोष नव्हता. सीमा अशीच असते, मी तिच्यासाठी वेळ ठेवला नव्हता, एवढंच.

आपली गाडी थेट नेपाळात न्यायची असेल तर भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना घ्यावा लागतो. त्याची रांग वेगळी. आमच्यासारख्या ज्येष्ठांच्या तुकडीला अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन गाड्या केलेल्या बऱ्या, पण मधला टप्पा सामानासह पायी आहे हे आधी सांगून ठेवावं.

कागदपत्रं आणि पैसे

सीमेवरचा वेळ वाचतो तो बहुतेक इथेच.

भारतीय नागरिकाला नेपाळात व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र यांपैकी एक मूळ प्रत बरोबर हवी. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या खालच्यांना आधारकार्ड किंवा फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र चालतं. इथे आपले लोक चुकतात. साठी झाली की आपण स्वतःला ज्येष्ठ समजतो, पण या नियमात ज्येष्ठ म्हणजे पासष्ट. बासष्टाव्या वर्षी नुसतं आधार घेऊन विमानाने नेपाळला निघालात तर दिल्लीच्या काउंटरवरून परत यावं लागेल.

परदेशात जन्मलेली नातवंडं बरोबर असतील तर अधिक जपा. त्यांचा पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ऑस्ट्रेलियाचा असेल तर त्यांना नेपाळचा व्हिसा लागतो आणि सोनौलीला भारताच्या व नेपाळच्या दोन्ही इमिग्रेशन कार्यालयांत शिक्का घ्यावा लागतो. आपल्याला कुणी अडवत नाही म्हणून आजी-आजोबा पुढे चालत जातात आणि नातू शिक्क्याविना पलीकडे पोहोचतो. परतताना मग अडचण होते.

पैशांबद्दल: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज बदलत नाही, त्यामुळे कुणी "आज भाव कमी आहे" म्हणाला तर हसून पुढे जा. मोठ्या नोटांबाबतचे नियम २०१६ नंतर अनेकदा बदलले. शंभराच्या नोटा मात्र तिकडे सहज चालतात, तेव्हा शंभराचं एक बंडल आपल्या शाखेतून आधीच घेऊन ठेवा.

उलटा हिशेब

सुलट हिशेब म्हणजे "इथून कधी निघायचं आणि तिथे कधी पोहोचू". दोन देशांच्या मधे तो फसतो. उलटा हिशेब काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून मागे यायचा. आमचाच परतीचा दिवस पुन्हा मांडून दाखवतो. सगळ्या वेळा भारतीय:

- विमान २.४० ला. काउंटर बंद १.४० ला.
- विमानतळावर हजर दोन तास आधी: १२.४०.
- सोनौली ते गोरखपूर विमानतळ तीन तास, अधिक अर्धा तास राखीव: सोनौली सोडायची ९.१० ला.
- सीमेसाठी दोन तास: बेलहियाला पोहोचायचं ७.१० ला.
- लुंबिनी ते बेलहिया एक तास: निघायचं ६.१० ला.
- नेपाळच्या घड्याळात ६.२५.

मी दहाची वेळ दिली होती. साडेतीन तासांहून अधिक फरक. पहाटे उठावं लागलं असतं, दोघा-चौघांनी कुरकुर केली असती, आणि कदाचित विमानतळावर दोन तास बसून राहावं लागलं असतं. पण वहिनी संध्याकाळी मुलीजवळ असत्या. सगळ्यांनाही इतक्या लवकर उठवायची गरज नव्हती, त्या दोघांपुरती वेगळी गाडी केली असती तरी भागलं असतं. तो खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा नक्कीच कमी होता.

याहून चांगला उपाय म्हणजे ज्याला विमान किंवा महत्त्वाची गाडी पकडायची आहे त्याने आदल्या रात्रीच सीमा ओलांडून गोरखपूरला मुक्काम करावा. डिसेंबर-जानेवारीत तर हे करायलाच हवं. तराईतलं धुकं दोन्ही देशांवर सारखंच उतरतं, रस्ताही मंदावतो आणि विमानंही. म्हणूनच या वेळी मी तुकडीला फेब्रुवारी सुचवला.

ग्वाल्हेरकरांना नेपाळ तसा परका नाही. राजमाता विजयाराजे शिंदे यांचं आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातलं आणि माधवीराजे यांचं माहेरही तिथलंच. आपल्याकडून बरौनीकडे जाणारी गाडी गोरखपूरला थांबते, त्यामुळे जाणं सोपंही आहे. लुंबिनीतला अशोकस्तंभ आणि मायादेवी मंदिर प्रत्येकाने एकदा तरी पाहावं असं मला मनापासून वाटतं. भिऊन जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त फोनवरचा तो पंच्याऐंशीचा आकडा बघून वेळापत्रक करू नका.

फेब्रुवारीच्या तुकडीचं वेळापत्रक मी उलट्या हिशेबाने करून मंडळाच्या कार्यालयात ठेवलं आहे. ज्यांना पुढे कुठे विमान किंवा गाडी पकडायची आहे त्यांनी ते तिकीट काढण्याआधी बघावं, नंतर नव्हे. मागच्या वेळचं ते जोडपं याही वेळी येणार आहे. वहिनींनी स्वतः फोन करून नाव दिलं. त्यांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.